शिक्का कोणाचा, बट्टा कोणाला?

इंदूरच्या पश्चिमेला काही कोसांवर हातोद आहे. ते माझे आजोळ. माळव्यात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या अनेक मराठी घरांत असते तशी तिथल्या देवघराच्या फडताळात एक पितळी डबी आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती डबी उघडून आतली नाणी आम्हा भाचरांना दाखवणे हा मामांचा आवडता उद्योग असे. एका चांदीच्या रुपयावर सूर्याचा चेहरा आणि भोवती फारसी अक्षरे. एका तांब्याच्या नाण्यावर बसलेला नंदी. दुसऱ्या तांब्याच्या नाण्यावर व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा, पण मागे नाव मात्र धार संस्थानचे. आणखी एकावर तरुण यशवंतराव होळकर. शेवटी एक कलदार, म्हणजे इंग्रज सरकारचा रुपया.

"मामा, यातला आपला कोणता?" असे मी एकदा विचारले होते.

"आपले सगळेच होते रे," मामा म्हणाले. "पण कोणता कुठे किती आण्याला जाईल, ते सराफ सांगायचा."

हे उत्तर त्या वयात मला फारसे कळले नाही. यंदाच्या वक्तृत्व स्पर्धेत मात्र ते आठवले. विषय होता, 'नवस्वतंत्र राष्ट्राने पहिल्या दिवशी काय करावे?' वक्त्यांपैकी निम्म्यांनी तरी ध्वज, राष्ट्रगीत आणि स्वतःचे नाणे अशी त्रयी सांगितली. एका विद्यार्थिनीने तर परक्या राजाचे चित्र असलेली नोट खिशात बाळगणारा देश स्वतंत्र म्हणवून घेण्यास पात्र नाही, असे ठणकावून सांगितले आणि सभागृह टाळ्यांनी दणाणले. ध्वज आणि गीत यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. नाण्याबद्दल मात्र आहे, आणि ती सांगण्यासाठीच हा लेख.

आपण नाण्याकडे पाहतो ते त्यावरच्या शिक्क्याकडे. सराफ पाहत असे तो बट्ट्याकडे. एका राज्याचे नाणे दुसऱ्या बाजारात देताना जे कापले जाते तो बट्टा. नवे राष्ट्र नवे नाणे काढते तेव्हा जुने नाणे कुठल्या ना कुठल्या दराने नव्यात बदलून द्यावे लागते. त्या दरात बट्टा दडलेला असतो आणि तो कोणाच्या तरी माथी बसतो. कोणाच्या, हाच चलनाचा खरा राजकीय प्रश्न आहे. चित्र कोणाचे, हा त्यामानाने फार सोपा प्रश्न होय.

नवस्वतंत्र राज्याचे आपल्या घरचे उदाहरण म्हणजे १६७४ चे. राज्याभिषेकाबरोबर शिवाजीमहाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली, दोन्हींवर देवनागरी अक्षरे. (होन हा शब्द कन्नड 'होन्नु'वरून आलेला आहे, हे आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना मी सांगायला नको. मराठी राज्याचे पहिले सोन्याचे नाणे कन्नड नावाने ओळखले गेले.) इथपर्यंत सर्वांना माहीत असते. पण त्याच वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर तह करायला आला होता आणि कंपनीचे नाणे महाराजांच्या मुलखात चालावे असे एक कलम त्याच्या मागण्यांत होते. त्यावर महाराजांनी दिलेल्या उत्तराचा आशय इंग्रजांच्या कागदपत्रांत नमूद आहे. कोणतेही नाणे आपल्या राज्यात चालण्यास आपण मनाई करीत नाही; परंतु ज्यात रयतेचे नुकसान आहे असे नाणे घ्या म्हणून तिच्यावर सक्तीही करणार नाही; तुमचे नाणे मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतके कसाला आणि वजनाला उतरत असेल तर ते आपोआप चालेल.

सिंहासनावर नुकत्याच बसलेल्या राजाचे हे उत्तर मला फार मोठे वाटते. होन पाडून शिक्क्याचा प्रश्न त्यांनी सोडवलेला होता. पण बाजारात अनेक राजवटींची नाणी फिरत होती आणि ती एका हुकुमाने हद्दपार केली असती तर तोटा झाला असता तो वाण्याचा, विणकराचा आणि शेतसारा भरणाऱ्या कुणब्याचा. म्हणून त्यांनी सक्ती टाळली.

आता माळव्यात येऊ. अठराव्या शतकात होळकर व्यवहारतः स्वतंत्र सत्ताधीश होते. तरी अहिल्याबाईंच्या काळातले रुपये दिल्लीच्या शाह आलम बादशहाच्या नावाने पडत. त्यावर बेलाचे पान आणि शिवलिंग ही खूण उमटवली, एवढाच बाईंचा स्वतःचा ठसा. ज्या बाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट आणि देवळे बांधली त्यांना स्वतःच्या नावाचा रुपया पाडता आला नसता असे नाही. पण फारसी अक्षरांचा रुपया सुरतेपासून काशीपर्यंतचे सराफ ओळखत होते. नवी अक्षरे म्हटली की बट्टा आला. असाच विचार त्यामागे असावा असे मला वाटते. शाह आलम १८०६ साली वारला, तरी इंदूरच्या टांकसाळीत त्याच्या नावाचे रुपये पुढे कित्येक दशके पडत राहिले. मामांच्या डबीतला सूर्याचा रुपया त्यांपैकीच. पहिल्या यशवंतरावांनी संस्कृत लेखाचा स्वतःच्या नावाचा रुपया पाडला होता खरा, पण तो अपवाद, आणि तोही नजराण्याचा.

महिदपूरच्या लढाईनंतर जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि होळकरांचे स्वातंत्र्य संपले. टांकसाळ मात्र राहिली. पुढे गंमत अशी झाली की, शिवाजीराव होळकरांच्या काळात रुपयावर महाराजांचा चेहरा आला आणि १९३५ च्या तांब्याच्या नाण्यावर दुसरे यशवंतराव आले. सत्ता हातात होती तेव्हा नाण्यावर दुसऱ्याचे नाव, आणि सत्ता गेल्यावर स्वतःचा चेहरा! 'स्वतःचे नाणे म्हणजे स्वातंत्र्य' असे ज्यांना वाटते त्यांनी ही दोन नाणी शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

शेजारच्या पवारांनी दुसरी वाट धरली. १८७६ च्या कायद्याने संस्थानांना अशी सवलत दिली होती की, त्यांनी आपली टांकसाळ बंद ठेवावी आणि सरकारी टांकसाळीतून इंग्रजी वजनाची नाणी पाडून घ्यावीत; एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला संस्थानचे नाव. धारने १८८७ साली आणि देवासने १८८८ साली तांब्याची अशी नाणी घेतली. त्याच सुमारास इंदूर नंदीची स्वतःची नाणी पाडत होते. हातोदच्या एखाद्या गाडीवानाने पूर्वेला देवास गाठावे, नैर्ऋत्येला धार, उत्तरेला शिंद्यांचे उज्जैन. सगळे पन्नास-साठ किलोमीटरच्या टप्प्यात, आणि प्रत्येक ठिकाणी राज्य वेगळे. पश्चिम माळव्यात प्रतापगडचा सालिमशाही रुपयाही फिरत असे, तो आणखी निराळा. सराफांची पेढी चालली नसती तरच नवल.

तोवर हे सारे रुपये चांदीच्या भावाने एकमेकांशी बांधलेले होते. बट्टा असे, पण तो वजनाचा आणि कसाचा. २६ जून १८९३ रोजी ही व्यवस्था कोलमडली. चांदी जगभर स्वस्त होत चालली होती. १८७० च्या सुमारास लंडनला औंसाला ६० पेन्स असलेला भाव १८९३ पर्यंत ४० पेन्सांच्या खाली आला होता. भारत सरकारला विलायतेचा खर्च पौंडांत भागवावा लागे, म्हणून रुपया घसरू नये यासाठी सरकारने आपल्या टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. पूर्वी कोणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शके. आता ते थांबले. काही वर्षांत कलदार १६ पेन्सांवर स्थिर झाला. शतक पालटताना त्यातली चांदी जेमतेम १० पेन्सांची उरली होती. बाकीची किंमत सरकारच्या शब्दाची.

संस्थानी रुपयाला असा शब्द नव्हता. तो चांदीबरोबर खाली खाली गेला. कसाला आणि वजनाला जवळपास सारखेच दोन रुपये, पण एकाची किंमत दुसऱ्याहून कितीतरी कमी. या निर्णयाच्या वेळी इंदूरच्या, प्रतापगडच्या किंवा आणखी कोणा संस्थानच्या रयतेला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. ज्याने आयुष्यभर संस्थानी रुपये मडक्यात पुरून ठेवले त्याची शिल्लक बसल्या जागी घटली. ज्याच्याकडे कलदार होते, म्हणजे मुंबईशी अफू-कापसाचा व्यवहार करणारे साहुकार, त्यांचे निभावले. विसाव्या शतकाच्या सुरवातीला इंदूरचा चांदीचा रुपया बंद होऊन कलदार आला, तो या रेट्यामुळे. टांकसाळ स्वतःची होती, शिक्का स्वतःचा होता. पण भाव ठरत होता सिमला आणि लंडन येथे.

या घटनेचा सर्वांत कठोर अभ्यास ज्याने केला तो विद्वान इंदूर जिल्ह्यातच, महूच्या छावणीत जन्मला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा. टांकसाळी बंद झाल्या तेव्हा ते दोन वर्षांचे होते. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा लंडनचा प्रबंध १९२३ साली ग्रंथरूपाने निघाला. आपल्याकडे या ग्रंथाचे नाव सगळे घेतात, वाचतात थोडे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही परीक्षेपुरते नाव पाठ करून ठेवलेले असते. त्यातला वाद थोडक्यात असा. रुपयाचा पौंडाशी दर स्थिर आहे म्हणून समाधान मानू नका; रुपयाला देशात किती ज्वारी, किती कापड येते ते स्थिर आहे का, ते पाहा. रुपये हवे तितके पाडण्याची मोकळीक सरकारच्या हाती असेल तर ते स्थिर राहणार नाही. म्हणून ही मोकळीक बंद करावी आणि सोन्याचे नाणे चलनात आणावे. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला. रुपया स्वस्त केला की देशाचा फायदा होतो असे व्यापारी म्हणतात. पण भाव चढतात त्या वेगाने मजुरी चढत नाही, तेव्हा हा फायदा परदेशातून येत नाही, देशातल्याच मजुराच्या खिशातून मालकाच्या खिशात जातो.

सोन्याच्या नाण्याचा त्यांचा उपाय काळाच्या ओघात मागे पडला. त्यांच्याशी त्या बाबतीत मतभेद असू शकतो. पण बट्टा कोणाच्या माथी, हा प्रश्न त्यांनी ज्या रोखठोकपणे विचारला तो जुना झालेला नाही.

१९४७ साली प्रश्न आपल्यापुढे आला. त्या वेळी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख, रायगडाजवळच्या नाते गावचे. नोटांवर सहाव्या जॉर्जचे चित्र आणि खाली चिंतामणरावांची सही. स्वातंत्र्यानंतर ते चित्र लगेच गेले नाही. अशोकस्तंभाची एक रुपयाची नोट १९४९ साली आली, नाणी १५ ऑगस्ट १९५० रोजी, आणि सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला तो १ एप्रिल १९५७ ला. दहा वर्षे लागली. त्या विद्यार्थिनीच्या व्याख्येप्रमाणे आपण निदान दोन वर्षे स्वतंत्र नव्हतो!

पण या काळात पडद्यामागे काय चालले होते ते पाहावे. युद्धकाळात हिंदुस्थानने ब्रिटनला जो माल दिला त्याचे पौंड लंडनमध्ये साचले होते, दीड हजार कोटी रुपयांहून अधिक. ते आपल्याला कसे आणि केव्हा मिळणार, यावर वाटाघाटी चालू होत्या. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. म्हणजे गंगाजळी आणि नोटा काढण्याचा अधिकार, ही दोन कामे आधी. चित्र बदलण्याचे काम सावकाश. खेड्यातल्या माणसाला बँकेच्या दारात रांग लावावी लागली नाही. त्याच्या कमरेच्या कशातला राजाचा रुपया स्वातंत्र्याच्या दुसऱ्या दिवशीही सोळा आण्यांचाच राहिला. या शहाणपणाचे श्रेय आपण त्या पिढीला पुरेसे देत नाही.

पाकिस्ताननेही सुरवात अशीच केली. त्यांच्या पहिल्या नोटा नाशिकच्या छापखान्यातून गेल्या. आपल्याच नोटा, त्यावर 'हुकूमत-ए-पाकिस्तान' असा जादा ठसा. सप्टेंबर १९४८ अखेरपर्यंत रिझर्व्ह बँकेनेच दोन्ही देशांचे काम पाहायचे ठरले होते, पण ५५ कोटींच्या वादाने विश्वास उडाला आणि १ जुलै १९४८ ला कराचीत त्यांची स्वतंत्र बँक उघडली. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडापाठोपाठ भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही. एका रात्रीत त्यांचे १०० रुपये आपल्या १४४ रुपयांबरोबर झाले. भारताने तो दर मानला नाही, व्यापार ठप्प झाला. पूर्व बंगालचा ताग शेतकऱ्याकडे पडून आणि कलकत्त्याच्या गिरण्या तागावाचून अडलेल्या. मानाचा प्रश्न दोन्ही राजधान्यांत होता, तोटा तागवाल्याचा आणि गिरणी कामगाराचा.

आता आपल्या अगदी दारातली गोष्ट. आपल्या महाविद्यालयात धाराशिव-लातूरकडून मुले येतात तशीच बिदर-कलबुर्गीकडून येतात. हा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा होता आणि इथे चाले तो हाली शिक्का. १९१८ पासून निजाम सरकारने कागदी नोटाही काढल्या. त्यांवर उर्दू आणि इंग्रजीबरोबर मराठी, कन्नड आणि तेलुगू या भाषांतही किंमत छापलेली असे. मराठी आणि कन्नड एका कागदावर शेजारी शेजारी नांदण्याची प्रथा आपल्या अंकाने सुरू केलेली नाही! (या नोटा विलायतेत छापून येत. १९२२ साली 'इजिप्त' नावाचे जहाज बुडाले तेव्हा त्यात अशाच कोऱ्या, सहीविना नोटा होत्या आणि पुढे पाणबुड्यांनी त्या बाहेर काढल्या. संग्राहक आज त्यांना मोठी किंमत देतात. ज्या नोटांनी कधी मूठभर ज्वारी विकत घेतली नाही त्यांना आज सर्वांत जास्त भाव!)

हालीचा दर ठरलेला होता. शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे सहा कलदार तर सात हाली. तुळजापूरकडच्या शेतकऱ्याने कापूस बार्शी किंवा सोलापूरच्या पेठेत विकला की हाती कलदार येत, कारण ते इंग्रजी राज्य. सारा मात्र हालीत. मधली वटणावळ कोणाकडे राहत असेल ते उघड आहे.

ऑगस्ट १९४७ नंतर निजाम सरकारने आपण स्वतंत्र देश असल्याची भाषा सुरू केली. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारताशी जैसे थे करार झाला आणि त्यानंतर लवकरच हैदराबादेने लागोपाठ दोन वटहुकूम काढले. एकाने सोन्या-चांदीसारख्या धातूंच्या भारतातील निर्यातीवर निर्बंध घातले. दुसऱ्याने भारताचे चलन संस्थानात कायदेशीर चलन राहणार नाही असे जाहीर केले. याच काळात पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज देण्याचे प्रकरण बाहेर आले, आणि ते कर्ज होते भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपात. यातली विसंगती ध्यानात घ्या. ज्या देशाचा रुपया आपल्या बाजारात बेकायदा ठरवला, त्याच देशाच्या रोख्यांत राज्याची शिल्लक गुंतलेली! बार्शीच्या पेठेतून कलदार घेऊन परतणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात मात्र आता गुन्ह्याचा ऐवज.

सप्टेंबर १९४८ मध्ये तो प्रयोग संपला. भारत सरकारने मग जे केले ते मला समंजस वाटते. हाली एका रात्रीत रद्द केला नाही. १९५० पासून भारतीय रुपया हालीबरोबर चालू झाला, दर तोच जुना, सातास सहा. सरकारी नोकराचा पगार, विधवेची शिल्लक, सावकाराचे येणे, सगळ्यांना एकच दर. नवे हाली नाणे पाडणे थांबले आणि जुने वर्षानुवर्षे हळूहळू परत घेतले गेले. पुढे बराच काळ खेड्यांतून लोक 'हाली की कलदार?' असे विचारीत. गैरसोय झाली, पण बट्टा नवा लागला नाही.

गोव्याचा अनुभव याहून कडू. पोर्तुगीजांनी १९५९ साली रुपिया बंद करून एश्कुद आणला, एका रुपियास सहा एश्कुद. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पण त्याआधीच पोर्तुगीज बँकेने लोकांचे गहाण दागिने लिस्बनला हलवले होते. चलन रुपयात आले, ध्वज बदलला, आणि बायकांच्या पाटल्या-बांगड्या परत यायला १९९१ साल उजाडले. तीस वर्षे! एस्तोनियाचे नशीब याच्या उलट. १९९१ साली तो देश पुन्हा स्वतंत्र झाला तेव्हा महायुद्धापूर्वी परदेशी ठेवलेले त्याचे सोने त्याला परत मिळाले आणि त्याच्या आधारावर जून १९९२ मध्ये क्रून निघाला, आठ क्रूनांना एक जर्मन मार्क. दर माणशी १,५०० रूबल दहास एक या दराने बदलून मिळाले. त्यावरच्या रोकडीला पन्नासास एक. म्हणजे बट्टा लावला, पण तो मोठ्या थैल्यांना लावला. असे क्वचितच घडते.

एरिट्रिया १९९३ साली इथिओपियापासून वेगळा झाला आणि काही वर्षे इथिओपियाचा बिर्रच वापरीत राहिला. नोव्हेंबर १९९७ मध्ये त्याने स्वतःचा नाकफा काढला. दोन्ही चलने एकास एक चालावीत ही त्याची अपेक्षा इथिओपियाने झिडकारली आणि सीमेवरचा मोठा व्यापार डॉलरमध्ये करा म्हटले. मे १९९८ मध्ये दोन्ही देशांत युद्ध पेटले. युद्धाची कारणे अनेक होती, जमिनीचा वाद मुख्य. पण बाजार तुटलेली सीमा लवकर पेटते. दक्षिण सुदानने जुलै २०११ मध्ये नवा पौंड काढला, तर आठवड्याभरात खार्टूमनेही आपल्या नोटा बदलल्या, आणि दक्षिणेतल्या जुन्या नोटांचे काय, यावर दोघांचे भांडण जुंपले. याउलट पूर्व तिमोर २००२ साली स्वतंत्र झाला तो अमेरिकन डॉलर घेऊनच. सुट्टी नाणी तेवढी त्याने स्वतःची पाडली. त्याला कोणी गुलाम म्हणत नाही.

मग परक्याचे चलन कायमचे वापरावे, असे माझे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. १८९३ साली इंदूरचे जे झाले ते डोळ्यांपुढे आहे. भाव दुसरा ठरवणार आणि आपण सोसणार, ही अवस्था तात्पुरती म्हणून चालेल, कायमची चालणार नाही. स्वतःची बँक हवी, गंगाजळी स्वतःच्या ताब्यात हवी, आणि नोटा किती काढायच्या याला सरकारच्या लहरीपलीकडची मर्यादा हवी. हे तयार झाले की शिक्का बदलायला एक दिवस पुरतो. हे तयार नसताना बदललेला शिक्का फार महाग पडतो, आणि ती किंमत शिक्क्यावर ज्याचे चित्र आहे तो देत नाही.

बट्ट्याची गोष्ट जुनी झाली असे वाटत असेल त्यांनी ८ नोव्हेंबर २०१६ नंतरचे आठवडे आठवावेत. राज्य तेच, शिक्का तोच. तरी पाचशे-हजाराच्या जुन्या नोटा कमी भावात घेणारे दलाल चार दिवसांत गल्लोगल्ली उभे राहिले. ज्याला रांगेत दिवस घालवणे परवडत नव्हते त्याने शंभरामागे काही रुपये सोडून दिले. त्या रोजंदारीवाल्याला बट्टा या शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहावा लागला नाही.

प्रशांत महासागरातल्या बुगनविल या बेटाने २०१९ साली पापुआ न्यू गिनीपासून स्वतंत्र होण्याच्या बाजूने जवळजवळ एकमुखी कौल दिला. तिथे कोको पिकतो, खोबरे होते, आणि पांगुनाची तांब्याची प्रचंड खाण बंद पडलेली आहे. कौल दिला तेव्हा त्यांच्या हातात पापुआ न्यू गिनीचा किना होता. स्वतंत्र झाल्यावर त्यांच्याही सभागृहात कोणीतरी उठून पहिल्या दिवशी आपले नाणे हवे असे म्हणेल, आणि टाळ्या पडतील. त्या वेळी मागच्या बाकावरून एखाद्याने विचारावे, की कोको विकून आलेले किना आईने घरी डब्यात ठेवले आहेत, त्यांना काय भाव देणार?